वर कशी येऊ?

साडूंनी कर्जतच्या फार्महाऊसवर स्विमिंग पूल बांधायला काढला, तेव्हा टाइल्सचा निळा कुठला घ्यायचा यावरून दोन घरांत अबोला व्हायची वेळ आली होती. शिडी मात्र कुणाच्या डोक्यातही नव्हती. पाणी सोडायच्या आधी सासूबाईंनी काठावरून आत डोकावून विचारलं, "उतरेन मी कशीही. वर कशी येऊ?"

"आई, पाण्यात माणूस हलका होतो," साडू म्हणाले. खरंच आहे ते. गळाभर पाण्यात पायांवर वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. पण शिडी चढू लागलं की उरलेला ऐवज पाणी पायरीपायरीने परत करतं आणि शेवटच्या पायरीला हिशेब चुकता होतो. गुडघ्यांना एवढा प्रामाणिकपणा सोसत नाही.

दुकानदाराने शिडीला लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटलं नाही. "बघा साहेब, अस्सल 304!" साडू भारावले. चुंबक 304 स्टीलला धड चिकटत नाही हे खरं. पण ते स्वस्तातल्या 202 लाही चिकटत नाही आणि क्लोरीनच्या पाण्यात खऱ्या अर्थाने टिकणाऱ्या 316 लाही नाही. या परीक्षेत सगळा वर्ग पास. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. किमतीत ते त्याहून बरंच जास्त जाणवतं. मी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. दुकानदाराने चहा मागवला, फक्त साडूंसाठी.

बाकीच्या अटी सासूबाईंच्या. पायऱ्या पसरट आणि खरखरीत हव्यात. गोल पाइपावर उभं राहायला त्या काही पोपट नाहीत. धरायचे दांडे काठाच्या चांगले वर यावेत, कारण खरी पंचाईत शेवटच्या पायरीनंतरच सुरू होते. भिंतीला टेकणाऱ्या टोकांना रबर हवं. आणि शिडीमागच्या फटीत नातवंडांचं डोकं अडकता कामा नये, कारण पोरं शिडीवरून कमी आणि शिडीमागून जास्त जातात. शिडीला अर्थिंग लागेल, असं वायरमनने आपणहून सांगितलं तेव्हा त्यांनी त्याला बसवून थालीपीठ वाढलं.

साडूंना तरीही चकचकीत उभी शिडीच हवी होती. फोटोत शोभते म्हणून. कंत्राटदाराचं शेवटचं बिल थकलं होतं, त्यामुळे तोही नमला आणि तडजोड निघाली: खोल बाजूला शिडी, उथळ बाजूला सिमेंटच्या रुंद पायऱ्या आणि कठडा.

राहता राहिली शिडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा. घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने चढून ती तपासावी, असं ठरलं. हा मान यजमानांचा, असं मी म्हणालो. साडू म्हणाले, छे छे, थोरले जावई तुम्ही. मोठेपणा इतक्या विनयाने नाकारणारे जावई सासूबाईंनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. त्या वजनकाटा आणायला आत गेल्या.