दिपेंदेबुवा

रोममध्ये एका जातीची माणसं राहतात, त्यांना साधा प्रश्न विचारायची सोय नाही. "अहो, इंग्रजीतल्या 'विंडो'ला तुमच्या इटालियनमध्ये काय म्हणतात?" एवढंच विचारून बघा. शाळेतलं पोरगं 'फिनेस्त्रा' असं सांगून सायकलवर टांग टाकून मोकळं होईल. हे गृहस्थ मात्र चष्मा कपाळावर चढवतात, वैद्याने नाडी बघावी तसे डोळे अर्धवट मिटतात आणि म्हणतात, "दिपेंदे!" म्हणजे आपलं 'तसं सांगता येणार नाही, बघावं लागेल.' धंद्याने हे अनुवादक. सकाळी इंग्रजी कादंबऱ्यांची पानं पाडायची, दुपारी अमेरिकन सिनेमांचे संवाद इटालियनमध्ये बसवायचे. तिकडे अशा संवादवाल्याला 'दिआलोगिस्ता' म्हणतात. आपण दिपेंदेबुवा म्हणू.

बुवांचं म्हणणं खोटं नसतं, हीच पंचाईत आहे. खिडकी घराची असेल तर फिनेस्त्रा. आगगाडीची किंवा मोटारीची असेल तर फिनेस्त्रीनो. जिच्या काचेआड दुकानदार बूट मांडतो ती वेत्रीना. पोस्टात जिच्यापुढे रांग लावायची ती स्पोर्तेल्लो. जहाजाची, गोल, ती ओब्लो. आपण मराठी माणसं त्या मानाने सुखी. घराची खिडकी, एस. टी.ची खिडकी, तिकिटाची खिडकी. सगळा संसार एकाच खिडकीत भागतो.

आता बुवांसमोर वाक्य येतं : ती खिडकीशी गेली आणि रडू लागली. खिडकी कसली? सिनेमा चोरीला जाऊ नये म्हणून मोठ्या कंपन्या कधीकधी अख्खं चित्र काळं करून पाठवतात, बोलणाऱ्याचं तोंड तेवढं उघडं ठेवतात. त्यामुळे बाई रडते आहे हे बुवांना दिसतं, पण ती घरात रडते आहे की गाडीत की बोटीवर, याचा पत्ता नाही. बुवा कंपनीला पत्र लिहितात : 'खिडकी कुठली, ते कृपया कळवावे.' चार दिवसांनी उत्तर येतं : 'नेहमीची.' त्या रात्री बुवा जेवत नाहीत.

'वूड' या शब्दाचंही तेच. लेन्यो म्हणजे लाकूड, लेन्या म्हणजे सरपण आणि बोस्को म्हणजे रान. एक स्वर चुकला की नायक टेबलाच्या लाकडाऐवजी चुलीतल्या सरपणावरून मायेने हात फिरवतो. इथे बुवांना आपल्या भाषेचा भारी अभिमान. इंग्रजी म्हणजे गरीब भाषा, एका शब्दात तीन-तीन बिऱ्हाडं, असं ते ऐकवतात. त्यांना गप्प करायचं असेल तर पुतण्याचा विषय काढावा. इटालियनमध्ये पुतण्या, भाचा, नातू, पुतणी, भाची आणि नात या सगळ्यांना मिळून शब्द एकच : निपोते. म्हाताऱ्याच्या मृत्युपत्रावरून त्याचा पुतण्या आणि नातू कोर्टात भांडताहेत अशी इंग्रजी कादंबरी हाती आली की बुवांच्या इस्टेटीच्या वाटण्या पाचव्या पानापासूनच फिसकटतात. दोन निपोते, दोघे वारस, दोघे संतापलेले. मग 'भावाचा मुलगा', 'मुलाचा मुलगा' अशी लेबलं चिकटवत बसावं लागतं. हा विषय ते चारचौघांत काढू देत नाहीत.

मुळात ही सिनेमाची कटकट त्यांच्या मागे लागली ती सरकारमुळे. मुसोलिनीच्या सरकारने १९३० साली परदेशी भाषेत बोलणारे बोलपट दाखवायला मनाई केली. तेव्हापासून हॉलिवुडची झाडून सगळी मंडळी इटलीत इटालियन बोलतात. मुसोलिनी गेला, मनाईही गेली, पण प्रेक्षकांची सवय गेली नाही.

बुवांची खरी कसोटी लागते ती प्रेमात. अमेरिकन माणूस बायकोला 'आय लव्ह यू' म्हणतो, आईला म्हणतो, पोराला म्हणतो आणि फोन ठेवताना तर म्हणतोच म्हणतो. फक्त नळदुरुस्तीवाल्याला म्हणत नाही. इटालियनमध्ये प्रेयसीला 'ती आमो' आणि आईला, मुलांना, मित्राला 'ती वोल्यो बेने', म्हणजे तुझं भलं व्हावं. पडद्यावरची पोरगी आईला 'ती आमो' म्हणाली तर थिएटरात खोकले सुरू होतील. म्हणून बुवा 'ती वोल्यो बेने' लिहितात, आणि तिथेच फसतात. कारण शाळेत आपण जे पफबभम घोकलं, ते बुवांचं पोट आहे. प, ब, म आलं की ओठ मिटतात, आणि मिटलेले ओठ प्रेक्षकाला दिसतात. 'आय लव्ह यू'मध्ये ओठ एकदाही मिटत नाहीत. 'बेने'तला ब मात्र मिटवतो. शिवाय इंग्रजी तीन ठोक्यांत संपतं, इटालियनला पाच लागतात. पडद्यावर नटीचं तोंड बंद झालेलं, आवाज अजून चालू. मग बुवा खोलीचं दार लावून घेतात आणि पडद्यावरच्या तिच्याबरोबर मोठ्याने बोलत सुटतात. कधी तिच्या आवाजात, कधी तिच्या आईच्या. शेजारच्यांना आता सवय झाली आहे.

त्याहून अवघड दुखणं म्हणजे 'यू'. हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. इटालियनमध्ये तू म्हणजे तूच. उच्चार तोच, अर्थ तोच. आदराने बोलायचं तर 'लेई', आणि समोर बरेच जण असतील तर 'वोई'. इंग्रजीत राणीलाही 'यू' आणि कुत्र्यालाही 'यू'. पडद्यावरचा इन्स्पेक्टर आणि ती विधवा एकमेकांना 'यू यू' करत तासभर फिरतात. 'लेई'वरून 'तू'वर कधी यायचं ते बुवांनी ठरवायचं. डबिंगमधला जुना रिवाज असा की पहिलं चुंबन झालं की दुसऱ्या वाक्यापासून 'तू'. चुंबन न दाखवता कॅमेरा समुद्राकडे वळला, तर बुवा तो तुकडा पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघतात. पाहणाऱ्याला भलतंच वाटतं. त्यांना फक्त सर्वनाम हवं असतं.

या सर्वनामापुढे सरकारनेही हात टेकले आहेत. 'लेई' म्हणणं मर्दपणाचं नाही, सगळ्यांनी 'वोई' म्हणावं, असा हुकूम १९३८ साली निघाला. त्या वेळी 'लेई' नावाचं बायकांचं एक साप्ताहिक होतं. तिथे 'लेई'चा अर्थ साधा 'ती', पण हुकूम तो हुकूम. साप्ताहिकाचं बारसं पुन्हा झालं आणि ते 'आन्नाबेल्ला' झालं. ही गोष्ट बुवा हसत हसत सांगतात, पण मुसोलिनीला संदर्भ न बघता अनुवाद केल्याबद्दल त्यांनी अजून माफ केलेलं नाही.

बुवांचे देवही वेगळे. ऑस्कर वाइल्डच्या १८९५च्या नाटकाच्या नावात 'अर्नेस्ट' हे माणसाचं नावही आहे आणि 'मनापासूनचा, प्रामाणिक' असा अर्थही. इटलीत बहुतेकांनी 'एर्नेस्तो' करून नाव राखलं, अर्थ सोडून दिला. कुणीतरी 'फ्रांको' केलं. फ्रांको हे इटलीत घरोघरी आढळणारं नाव, आणि अर्थ 'सरळ, मोकळ्या मनाचा'. त्या माणसासाठी बुवा मेणबत्ती लावतील. दुसरं दैवत १९७४च्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन'चं इटालियन डबिंग, मारिओ माल्देझीच्या दिग्दर्शनाखाली झालेलं. इंग्रजीत 'वेअरवुल्फ'वर कोटी होती : 'वेअर' म्हणजे 'कुठे' असं समजून एक जण लांडगा कुठे आहे ते दाखवतो. इटालियनमध्ये लांडग्याचं 'उलुला' केलं, ज्यात आरोळी ठोकण्याचं क्रियापदही आलं आणि शेवटच्या 'ला'मध्ये 'तिथे'ही आलं. इटलीत हा विनोद पोरंसोरंसुद्धा सांगतात. कुणी सांगितला की बुवा टाळी देत नाहीत, उभे राहतात.

शिव्या मात्र बुवांनी खायच्या. २००४च्या 'इटर्नल सनशाइन'ला इटलीत 'मला सोडलंस तर तुला पुसून टाकीन' अशा अर्थाचं भलतंच चटपटीत नाव दिलं गेलं. नावं ठरवतात सिनेमा विकणारे. लोक मात्र लग्नकार्यात बुवांचा सदरा धरतात : "काय हो, हे तुम्हीच केलंत का?" बुवा शांतपणे नाही म्हणतात. लोकांना ते पटत नाही. माझ्या मते बुवांनी एकदा 'हो' म्हणून टाकावं, निदान जेवण तरी वेळेवर होईल.

कादंबऱ्यांचा मोबदला मिळतो तो 'कार्तेल्ला'वर. कार्तेल्ला म्हणजे ठरावीक अक्षरांचं पान. १८०० ठोक्यांचं, आणि पुष्कळ प्रकाशकांकडे २००० चं. म्हणजे 'फिनेस्त्रीनो'ची दहा अक्षरं मोजली जातात, 'ओब्लो'ची चार. खिडकी कुठली यावर घालवलेली दुपार कुठेच मोजली जात नाही. बुवा तरीही 'ओब्लो'च लिहितात, खिडकी जहाजाची असेल तर.

तेव्हा रोमला गेलात आणि असे बुवा भेटले, तर त्यांना सुटा शब्द विचारू नका. अख्खं वाक्य घेऊन जा. बोलणारा पुरुष आहे की बाई तेही आधी सांगा, कारण 'दमलोय' आणि 'दमलेय' यात त्यांच्याकडेही आपल्यासारखाच फरक आहे. आणि कॉफीचे पैसे तुम्हीच द्या.