पुरवणीकाका

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर जे काका राहतात त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण सगळी पोरं त्यांना पुरवणीकाका म्हणतात. मूळ उत्तरपत्रिकेवर आजवर कुणी पास झालेलं नाही, अशी काकांची श्रद्धा आहे. माणूस पास होतो तो पुरवण्यांवर, दोरा ओवून गाठ मारलेल्या. "तपासणारा वाचतो कुठे? तो जाडी बघतो!"

आयुष्यही त्यांनी असंच जाड केलं. बी. कॉम.ला टायपिंगची पुरवणी जोडली: मराठी 30, इंग्रजी 40. नोकरी लागली ती त्या टायपिंगवर, हे मात्र कबूल करायला हवं. पण तेव्हापासून त्यांना गाठ मारायची चटकच लागली. राष्ट्रभाषेच्या परीक्षा झाल्या, घरबसल्या होमिओपॅथी झाली. 2001 साली एमएस-सीआयटी निघाली, तेव्हा काका पहिल्या बाकावर, माउस उलटा धरून. सगळी प्रमाणपत्रं लॅमिनेट करून काकूंच्या पैठणीखाली ठेवलेली आहेत. पैठणी वर्षातून एकदा निघते, प्रमाणपत्रं आठवड्यातून.

मग नवं शैक्षणिक धोरण आलं आणि पदवीलाच मेजरबरोबर मायनर जोडून मिळू लागला. काकांनी तो शासन निर्णय एखाद्या सत्काराच्या मानपत्रासारखा वाचला.

यंदा आमच्या कन्येने बी. ए.ला अर्थशास्त्र मेजर घेतलं. मायनर कुठला, हा प्रश्न आमच्या डोक्यात यायच्या आत काका दारात उभे. हातात जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू, तीवर पट्टीने आखलेले रकाने: विषय, पॅकेज, स्कोप, बाहेर जायला.

"बोल बाळ, तुझा कल कुठे आहे?"

"भूगोल."

"मी कल विचारला, विषय नाही."

तक्त्यात अव्वल होतं संख्याशास्त्र. इथे काका चुकले नव्हते. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला बसायचं तर पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय लागतो, आणि अर्थशास्त्राच्या पोरीला आकडे नीट हाताळता आले तर कुठेही उपयोगच आहे. पण शहाण्या मुक्कामावर थांबणं काकांच्या पिंडात नाही. खाली मानसशास्त्र होतं, 'एचआरसाठी'. जर्मन होतं, 'मोटारींसाठी'. तत्त्वज्ञानापुढे नुसतीच फुली होती.

"भूगोल घेतला तर यूपीएससीला उपयोगी पडेल," मी कन्येची बाजू घेतली.

"बाबा, तिथे ऐच्छिक विषय कुठलाही घेता येतो. पदवीला असायलाच हवा असं नाही," कन्येने मलाच पाडलं.

"बघा! फुकट मिळतोय तो विषय मायनरमध्ये कशाला वाया घालवायचा?" काका म्हणाले.

मग क्रेडिटचा हिशेब निघाला. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास. काकांनी मायनरचे तास काढले आणि अपेक्षित पगाराला त्यांनी भागलं. भागाकार काय निघाला ते सांगितलं नाही. फक्त "हं" म्हणाले.

माझा एक मित्र नोकरीच्या मुलाखती घेतो. त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "काय करून दाखवलंस, एवढंच मी विचारतो. एखादा प्रकल्प, एखादा अहवाल. मायनर कुठला होता हे पोरांनी सांगितल्याशिवाय मला कळतसुद्धा नाही."

"म्हणजे बायोडेटात ठळक टाइपात हवं," काकांनी नोंद केली.

चार संध्याकाळी हे चाललं. पाचव्या दिवशी कन्या कॉलेजात गेली. संख्याशास्त्र शिकवायला कला शाखेत माणूसच नव्हता. जर्मनचा तास अर्थशास्त्राच्या तासावर आदळत होता. मानसशास्त्राच्या जागा भरलेल्या. खिडकीतल्या बाईंनी यादीवर बोट ठेवलं, "इतिहास नाहीतर भूगोल. लवकर सांग, मागे रांग आहे."

भूगोल मिळाल्याचं काकांना कसं सांगावं, याची आम्हाला धास्ती. ऐकून ते मिनिटभर गप्प बसले. मग चेहरा उजळला.

"भूगोल? अगं, त्यात जीआयएस असतं! उपग्रह, नकाशे, धरणं! प्रचंड स्कोप!" फुली मारायला काढलेलं पेन त्यांनी परत खिशाला लावलं. "फक्त नुसत्या भूगोलावर भागायचं नाही हं."

दुसऱ्या दिवशी ते तीन महिन्यांच्या जीआयएस कोर्सचं पत्रक घेऊन आले, मायनरला पुरवणी म्हणून. फॉर्म दोन आणले होते. कन्या मागे खिडकीजवळ बसते. काका पहिल्या बाकावर.