बोरिसरावांना, लग्नघरातून

श्रीयुत बोरिसराव जॉन्सन, ब्रिटनचे माजी पंतप्रधान, यांस
साष्टांग नमस्कार वि. वि.

२३ मार्च २०२० च्या रात्री दूरचित्रवाणीवरून आपण देशातली लग्नं थांबवलीत, त्याबद्दल प्रथम आभार. कुणी कुरकुर केली नाही. कोरोनाने माणसं मरत होती. तारीख पुढे ढकलणं सगळ्यांनाच कर्तव्य वाटलं.

लंडनमधल्या मॅरिलबोनच्या जुन्या टाउन हॉललाही आपल्या कृपेने विश्रांती मिळाली. १९२० साली उघडलेली ही वास्तू. पॉल मॅकार्टनी आणि लिंडा १९६९ मध्ये इथेच विवाहबद्ध झाले. पायऱ्यांवरच्या दगडी सिंहांपाशी फोटो काढण्याची जोडप्यांना केवढी हौस! नेमकी शंभरीच्या वर्षीच तिथली सनई थांबली.

४ जुलैपासून आपण उदार झालात. वधूवर, साक्षीदार, निबंधक सगळे धरून तीस माणसं. गाणं नको, मोठ्याने बोलणं नको, अंगठी घालण्याआधी हात धुवा, नंतरही धुवा. सप्टेंबरअखेर तिसांचे पंधरा केलेत. आत्या, मामा, आजी... लोकांनी यादीतली नावं स्वतःच्या हाताने खोडली. भारतातल्या आईबापांनी मोबाइलसमोर अक्षता टाकल्या.

विवाहाच्या नोटिशीची मुदत बारा महिने. ती उलटली, की नवी नोटीस, नवी फी. तेही लोकांनी निमूट भरलं.

आता आपल्या वाढदिवसाबद्दल. १९ जून २०२० ला वेस्टमिन्स्टरमधल्या या टाउन हॉलमध्ये दोन साक्षीदारांसमोर सही करायलाही बंदी होती. त्याच वेस्टमिन्स्टरमध्ये, मंत्रिमंडळाच्या दालनात, आपल्याभोवती मंडळी जमली. त्यापायी पोलिसांनी २०२२ मध्ये केलेला दंड आपण भरलात. अभिनंदन!

२०२० च्याच ५ नोव्हेंबरपासून तर लग्नाची मुभा उरली ती मरणाच्या दारातल्या माणसापुरती. १३ नोव्हेंबरला आपण सहकाऱ्याच्या निरोपाला पेला उंचावून उभे होतात. तो फोटो पुढे साऱ्या देशाने पाहिला. त्या आठवड्यात रुग्णालयातल्या खाटेशेजारी लग्न लागलं असेल, तर तिथे पेला कुणी उंचावला असेल, साहेब?

वाढदिवसाच्या त्या जमण्याने नियम मोडतो, हे मनातही आलं नव्हतं, असं आपण संसदेत सांगितलंत. टाउन हॉलच्या दारातून परत फिरलेल्या प्रत्येक जोडप्याच्या मनात ते आलं होतं. आपलेच नियम वाचून आलं होतं. त्यांतल्या कितीकांचे आजोबा पुढच्या तारखेपर्यंत राहिले नाहीत.

संसदेत आपण माफी मागितलीत. आता कृपा करून या जोडप्यांना एक पत्र लिहावं, आपल्या हाताने, त्यांच्या नावाने.

कळावे.