टायट्रेशन साधण्याची शास्त्रोक्त पद्धत

आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होते. या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात. ती कोणाच्याही देखरेखीशिवाय, क्षणार्धात आणि बिनचूक पार पडते. ती नेमकी कधी पूर्ण झाली हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून टायट्रेशन नावाचा विधी आहे, आणि अडचणी तिथूनच सुरू होतात.

विधीचे साहित्य असे: ५० मिलिलिटरचे ब्युरेट, १० मिलिलिटरचे पिपेट, कॉनिकल फ्लास्क, पांढरी टाइल, दर्शक आणि शेजारच्या टेबलावरचा हुशार विद्यार्थी. शेवटच्या साहित्याची नोंद कोणत्याही जर्नलमध्ये सापडत नाही.

ब्युरेट ज्या द्रावणाने भरायचे त्याच द्रावणाने विसळावे, फ्लास्क मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. ब्युरेटमध्ये उरलेले पाणी द्रावण पातळ करते. फ्लास्कमध्ये पाणी राहिले तरी पिपेटने सोडलेले आम्ल तेवढेच राहते; पण फ्लास्क आम्लाने विसळला, तर मोजून घेतलेल्या १० मिलिलिटरमध्ये न मोजलेली भर पडते. नवशिका नेमके उलट करतो, आणि तेही मन लावून. भरून झाल्यावर फनेल काढावे, नाहीतर ते अधूनमधून एकेक थेंब परत करत राहते. ब्युरेटच्या टोकाशी अडकलेला बुडबुडा आधीच घालवावा. तो मध्येच निसटला, तर त्याचे आकारमानही आम्लारी म्हणून हिशोबात धरले जाते.

पिपेटमध्ये आम्ल तोंडाने ओढण्याची परंपरा जुनी असली तरी मोडावी, रबरी फुगा वापरावा. द्रावण सोडल्यावर टोकाशी राहणारा थेंब फुंकून काढू नये. तो आतच राहणार हे धरूनच पिपेटवर खूण केलेली असते. त्या थेंबाबद्दल वाटणारी हळहळ अस्थानी आहे.

बाटलीवर लिहिलेली सोडियम हायड्रॉक्साइडची संहती ही केवळ सदिच्छा समजावी. हा पदार्थ हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो. तराजूवर असतानाच त्याचे वजन वाढू लागते. म्हणून त्याची साक्ष ऑक्झॅलिक आम्लाकडून घ्यावी लागते. त्याचे स्फटिक हवेत शांत बसतात. १.५७५ ग्रॅम स्फटिकांपासून २५० मिलिलिटर द्रावण केले की ते ०.०५ मोलर होते, आणि तसेच राहते.

आता मुख्य प्रसंग. फ्लास्कमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिलिलिटर आहे आणि ब्युरेटमध्ये तितक्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड. सुरुवातीला सामू १. पहिले ९ मिलिलिटर आम्लारी पडूनही तो जेमतेम २.३ वर येतो. या काळात विद्यार्थी जांभया देतो, खिडकीबाहेर पाहतो आणि ब्युरेटचा नळ थोडा जास्त उघडतो. ९.९५ मिलिलिटरला सामू ३.६ असतो आणि १०.०५ मिलिलिटरला १०.४. मध्ये पडतात ते अवघे दोन थेंब. तेवढ्यात हायड्रोजन आयनांची संहती लाखो पटींनी खाली येते. आम्ल-आम्लारीचे सारे रसायनशास्त्र या दोन थेंबांत घडते, आणि नेमके तेव्हाच मागून कोणीतरी पेन मागते.

ही उडी दिसावी म्हणून दर्शक. फिनॉल्फथॅलीन साधारण ८.२ पर्यंत रंगहीन राहते आणि पुढे गुलाबी होते. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या पट्ट्यात लालाचे पिवळे होते. वरची उडी इतकी मोठी की दोन्ही चालतात. ऑक्झॅलिक आम्लासाठी मात्र मिथिल ऑरेंज घेऊ नये. ते काम अर्धवट असतानाच पूर्ण झाल्याचे जाहीर करते. काही खात्यांत हा गुण समजला जातो, प्रयोगशाळेत नाही. दर्शकाचे दोन-तीन थेंब पुरतात. तो स्वतःच सौम्य आम्ल किंवा आम्लारी असल्याने सढळ हाताने घातल्यास तोही प्रयोगात भाग घेऊ लागतो.

अंतिम बिंदूचा गुलाबी रंग म्हणजे जेमतेम दिसणारी छटा. ती टाइलवर धरून दिसावी आणि अर्धा मिनिट टिकावी. फ्लास्कमध्ये गुलकंदाचे सरबत दिसू लागल्यास पुढचे सोडून द्यावे आणि नवे १० मिलिलिटर घ्यावेत. सर येईपर्यंत जपून ठेवलेली फिकट छटाही उडून जाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल बनतो आणि पुरावा नष्ट करतो. ही तक्रार शास्त्रीयदृष्ट्या खरी आहे, पण ती मान्य झाल्याचे उदाहरण विरळा.

एकच रीडिंग किमान दोनदा आले की त्याला सी.बी.आर. म्हणतात. ९.८, ११.३ आणि १०.१ अशी तीन रीडिंग आल्यास चौथे घ्यावे. शेजारच्या टेबलावरून घेऊ नये, कारण तिथल्या बाटलीची संहती वेगळी असू शकते आणि परीक्षकांना ते माहीत असते.

राहिली तोंडी परीक्षा. आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन देते आणि आम्लारी हायड्रॉक्साइड आयन, हे उत्तर अऱ्हेनियसचे. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात या विचारांची बीजे असलेल्या त्याच्या प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली आणि १९०३ मध्ये त्याला नोबेल. गुणपत्रिका घरी दाखवताना ही माहिती उपयोगी पडते. अमोनियात हायड्रॉक्साइड नसूनही तो आम्लारी कसा, असे विचारल्यास १९२३ च्या ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांचे नाव घ्यावे: प्रोटॉन देते ते आम्ल, घेते तो आम्लारी. मग पाणी काय, असा प्रश्न येतोच. ‘दोन्ही’ हे उत्तर बरोबर आहे. मात्र ते अमोनियाला प्रोटॉन देते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाकडून घेते, हे त्याच श्वासात सांगावे, नाहीतर विद्यार्थी दोन्ही डगरींवर पाय ठेवतो आहे असा परीक्षकांचा समज होतो.