फाट्यावरचे मुक्कामशेठ

फाटा ही वळायची जागा, थांबायची नव्हे. शीळफाट्यावर तर चारही दिशांनी माणसं येतात ती पाचवीकडेच जायचं असल्यासारखी. कल्याणचा माणूस पनवेलकडे बघत असतो, मुंब्र्याचा डोंबिवलीकडे, महाप्याहून सुटलेला घड्याळाकडे. कंटेनर इथे थांबतात, पण नाइलाजाने. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा, ७ किलोमीटर खाडीखालून येऊन, याच शीळफाट्याला जमिनीबाहेर डोकं काढतो, तोही पुढे जाण्यासाठीच. अशा ठिकाणच्या चौदाव्या मजल्यावर मुक्काम या विषयातला जाणकार निपजावा, हे आधी चमत्कारिक वाटतं आणि जरा विचार केला की साहजिक. ज्या गावाला सगळ्या जगाने फाट्यावर मारलेलं असतं, तिथल्याच माणसाला रात्री कुठे टेकायचं या प्रश्नाचं मोल कळतं. या जाणकाराला आपण मुक्कामशेठ म्हणू.

रामनवमीच्या आधी मुंबई-ठाणे-कल्याण पट्ट्यातून शिर्डीला पायी पालख्या निघतात. पडघा, शहापूर, कसारा, इगतपुरी, घोटी, सिन्नर अशी दोनशेच्या वर किलोमीटरची चाल आणि सात-आठ रात्री. मंडळाला अध्यक्ष असतो, खजिनदार असतो, आचारी असतो, सामानाच्या टेम्पोचा मालक असतो आणि त्याचा रुसवाही असतो. मुक्कामशेठ कुठल्याच पदावर नसतात, पण त्यांच्या शब्दाशिवाय कुणाची वळकटी उलगडत नाही. माघातच ते मोटरसायकलवरून पाहणी करून येतात. मंगल कार्यालयाचा मालक कौतुकाने झुंबर दाखवत असताना हे थेट मागच्या बाजूला जाऊन संडासाच्या दाराला आतून कडी बसते का ते बघतात. नळाखाली बादली ठेवून ती भरायला किती वेळ लागतो ते मोजतात. दीडशे माणसांना तीन प्लग म्हणजे रात्री किती भांडणं, याचं त्रैराशिक तोंडी मांडतात. त्या तारखेला लग्न नाही ना, हे मालकाला तीनदा विचारतात. एवढी कडक परीक्षा घेऊन, शंभरपैकी नव्वद गुण मिळवणारं ते कार्यालय नापास करतात आणि रस्त्यापासून आत असलेली जिल्हा परिषदेची शाळा पक्की करतात. कारण विचारलं की म्हणतात, “हॉलमध्ये झोप लागेल हो, पण लक्षात काय राहील?”

या वाक्यावर समिती डोक्याला हात लावते. माझं म्हणणं असं की, शेठ बरोबर आहेत आणि समिती चुकते आहे. महामार्गावरचे दिवस एका साच्यातून काढल्यासारखे असतात: पहाटे तीनला अंधारात निघायचं, कडेकडेने चालायचं, ट्रकचा वारा खायचा, उन्हाच्या आत सावली गाठायची, फोडांची मोजदाद करायची. वर्षभराने कुणालाही विचारा, मंगळवारी किती चाललो हे आठवणार नाही. पण ‘पाढे लिहिलेल्या भिंतीखाली झोपलो होतो ती रात्र’ म्हटलं की सगळे तोंड उघडतात. दिवसाला नाव देते ती रात्रच. पंढरीच्या वारीने हे केव्हाच ओळखलेलं आहे. वारीचं वेळापत्रक म्हणजे मुक्कामांची यादी: सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. प्रस्थान झाल्यावर माउलींची पालखी पहिली रात्र आळंदीतच आजोळघरी काढते आणि तुकोबांची देहूतच इनामदारवाड्यात. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग निघालात कशाला? पण घर सुटणं आणि गाव सुटणं यांच्यामध्ये एक रात्र लागते, हे वारीला कळलेलं आहे. तुकोबांच्या वाटेवरचं यवत हे गाव तर पालखीच्या संध्याकाळच्या पिठलं-भाकरीनेच वारकऱ्यांच्या तोंडी राहिलं. माउलींच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराचा दंड वर जातो आणि एवढा मोठा जमाव गप्प होतो. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याची निघायची वेळ सांगितली जाते. दिवसभर जे नुसते चालणारे असतात, त्यांचा समाज होतो तो मुक्कामावर. (त्या क्षणाला नावही समाजआरती असंच आहे, हे शेठ आवर्जून लक्षात आणून देतात.)

यावर भाविकांचा आक्षेप ठरलेला: देवाला निघालात, मग कुठेही पडा, जागेचे चोचले कशाला? हा आक्षेप घेणाऱ्याने साईबाबांचं चरित्र नीट वाचलेलं नसतं. शेवटच्या वर्षांत खुद्द बाबा एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत झोपत, आणि चावडीकडे निघाले की वाजतगाजत मिरवणूक असे. त्याआधीच्या काळातली ती फळी तर प्रसिद्धच आहे: चार हात लांब, जेमतेम वीतभर रुंद, चिंध्यांनी आढ्याला टांगलेली आणि चार कोपऱ्यांना पणत्या. बाबा तिच्यावर चढतात-उतरतात कसे हे बघायला गर्दी होऊ लागली, तेव्हा त्यांनी ती मोडून टाकली. गादी पातळ आहे अशी तक्रार करणाऱ्याला शेठ ही गोष्ट अशी ऐकवतात की तो माणूस उशीसुद्धा परत करतो. येणाऱ्यांनी राहायचं कुठे, ही चिंताही शिर्डीत जुनी आहे. साठेवाडा उभा राहिला तो त्यातूनच, आणि त्याच्यामागून १९११ च्या रामनवमीला दीक्षितवाडा. भक्ती आणि छप्पर यांचं वैर असतं तर हे वाडे बांधायचं कुणाला सुचलं नसतं.

दुसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो भाविक घेत नाहीत, गावकरी घेतात. तेही तोंडावर नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि चैत्रात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत उभ्या. तिथे शहरातली दीडशे माणसं उतरून दोन-दोन बादल्यांनी अंघोळ करणार असतील, तर तो मुक्काम गावाच्याही कायमचा लक्षात राहतो, पण वेगळ्या कारणाने. इथे शेठचा खरा कस लागतो. जाणता मुक्कामशेठ स्वतःचा टँकर आणतो, पत्रावळी गोळा करून टेम्पोत भरतो, भरून उरलेलं पाणी शाळेच्या टाकीत सोडतो आणि वर्गातले बाक होते तसे लावून निघतो. अजाणता शेठ गावाला ‘सेवेची संधी’ देतो. दोघांची सतरंजी सारखीच असते, म्हणून लांबून फरक कळत नाही. या प्रकाराची तरफदारी करताना मी पहिल्याबद्दलच बोलतो आहे. दुसऱ्याला समितीने मंगल कार्यालयातच झोपवावं.

उरला तर्कशास्त्र्यांचा आक्षेप: आठवण ठरवून घडवता येत नाही, तर शेठ निवडतात ते काय? जपानच्या शिकोकू बेटावर ८८ देवळांची पायी परिक्रमा आहे. तिथले मूळ पुरुष कोबो दाइशी यांना एका रात्री कुणी थारा दिला नाही, म्हणून ते पुलाखाली झोपले आणि थंडीने ती एक रात्र दहा रात्रींएवढी वाटली, अशी कथा आहे. पुलाचं नावच दहा रात्रींचा पूल पडलं. आजही यात्रेकरू पुलावरून जाताना काठी टेकत नाहीत, खाली दाइशी झोपलेले असतील म्हणून. आता हा मुक्काम कुठल्या समितीने निवडला होता? आक्षेप बिनतोड आहे, आणि शेठनाही तो आतून ठाऊक आहे. म्हणूनच ते आठवण निवडत नाहीत, फटी निवडतात. मंगल कार्यालयाला फट नसते. तिथे वारा, कुत्रं, पाहुणचार करायला आलेली म्हातारी, उद्या कोणत्या वर्गाची परीक्षा आहे हे सांगायला आलेली पोरं, यांपैकी काहीच आत शिरत नाही. शाळेच्या व्हरांड्याला सगळीकडून फटी. कसारा घाट चढून घाटनदेवीच्या वाऱ्यात पथारी टाकली की पुढचं काम वारा करतो. यात शेठची हौस नसते असं नाही. मंडळाच्या ग्रुपवर आदल्या दिवशीच्या शाळेचे अकरा फोटो टाकणारे तेच, आणि प्रत्येक सूर्यास्त आपणच ठरवल्यासारखे दाद घेणारेही तेच. पण एवढा भत्ता त्यांना द्यायला हरकत नाही. फुकट काम करणाऱ्या माणसाला मानधन म्हणून दुसरं काय मिळतं?

शिर्डीतल्या शेवटच्या रात्री मात्र शेठचं मन लागत नाही. भक्तनिवासात खोली असते, खोलीला कडी असते, कडी बसते. दर्शन झालं की परतीची बस. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून, जे अंतर आठवडाभर तुडवलं ते खिडकीतून तीनेक तासांत उलटं सरकतं, आणि ज्या शाळांनी रात्री दिल्या त्या रस्त्यावरून दिसतही नाहीत. मग भिवंडी, मग कल्याण, आणि रात्री अकराला काटई नाक्याच्या अलीकडे पुढचे सगळे लाल दिवे एकदम जवळ येतात. कुणी उरलेला चिवडा उघडतं, कुणी पाय पुढच्या सीटवर टाकतं, मागून कुणीतरी विचारतं, “शेठ, आजचा मुक्काम कुठे?” शेठ बाहेर बघतात. ड्रायव्हर इंजिन बंद करतो.