दोषी कोण? दाजींना विचारा

लोह्यात नुसती ‘दाजी’ अशी हाक मारली तर निम्मी गल्ली वळून बघते. ‘दवाखान्याचे दाजी’ म्हटलं की मात्र एकच माणूस उभा राहतो. पांढरा सदरा, खिशाला बॉलपेन आणि काखेत कापड दुकानाची जुनी पिशवी. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखलं, कुणी गाडीवरून पडलं, की घरचे आधी जीप शोधत नाहीत, दाजींना उठवतात. दाजी जणू वाटच बघत असतात. पिशवीत टॉवेल, चार्जर आणि गल्लीतल्या बऱ्याच जणांच्या रेशन कार्ड-आधारच्या झेरॉक्स तयार असतात. ऐन वेळी त्या पेशंटच्या घरात कधीच सापडत नाहीत, हा दाजींचा अनुभव.

नांदेडला निघालेल्या जीपमध्ये दाजी पुढं बसतात. मग सुरू होतो त्यांचा लाडका प्रश्न. “मला सांगा, दवाखाना इतका महाग कामून झाला? कुणामुळं झाला?” उत्तर कुणी द्यायचं नसतं. मागच्या सीटवर पेशंट कण्हतो, त्यालाच दाजी होकार समजतात.

लोह्यातून बाहेर पडताना दोष सरकारचा असतो. “सरकारी दवाखान्यात मशीन हाय तर चालवणारा नाही, चालवणारा हाय तर मशीन बंद!” सोनखेड येईपर्यंत तो औषध कंपन्यांवर गेलेला असतो. २०२३च्या एप्रिलमध्ये अत्यावश्यक औषधांचे भाव बारा टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा कंपन्यांना मिळाली. दाजींना ही बातमी मेडिकलवाल्याकडून, म्हणजे थेट खिशाला समजली. त्यावर त्यांनी लगेच तोडगा काढला: बीपीची गोळी एकाआड एक दिवस. विष्णुपुरीला मेडिकल कॉलेजच्या इमारती दिसतात. कॉलेज सरकारी, पण तेवढ्यावरून दाजींना खासगी कॉलेजांच्या फिया आठवतात. “कोटभर भरून डॉक्टर झालेलं पोरगं ते काढणार कुणाकडून? तुमच्या-माझ्याकडूनच की!”

आणि मग डॉक्टर लेन येते. नांदेडच्या त्या गल्लीत पाट्या इतक्या दाट, की निरोगी माणसालाही कुठं तरी दुखू लागावं. इथं दाजी गप्प होतात. डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरताना चप्पल बाहेर काढतात, हात जोडतात, “साहेब, तुमच्या हाताला यश हाय” म्हणतात. वाटेतले सगळे आरोप चपलांबरोबर दाराबाहेरच राहतात.

ते परत पायात चढतात बिलाच्या वेळी. काउंटरजवळच्या बाकावर बसून दाजी अंगठा जिभेला लावतात, पान उलटतात आणि बॉलपेनानं एकेका ओळीवर टिंब देत जातात. एकदा असेच थांबले. हातमोजे, बावीस जोड. शांतपणे उठले आणि काउंटरवरच्या पोराला म्हणाले, “बाळा, तुमच्या डॉक्टरला हात किती हो?” पोरगं हसलं. बिलातले काही रुपये कमी झाले. दाजींनी ही गोष्ट पुढं वर्षभर सांगितली, आणि दर वेळी हातमोज्यांचे जोड थोडे वाढत गेले.

हृदयात घालायच्या स्टेंटचं तर त्यांना तोंडपाठ. “२०१७ला सरकारनं औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० वर बांधली. मग पॅकेज त्या मानानं खाली कामून आलं नाही?” प्रश्न खोटा नाही. एका वस्तूची किंमत बांधली तरी खोलीभाडं, तपासण्या, किरकोळ साहित्य मोकळंच राहतं, आणि बिलाला तेवढी जागा पुरते.

पण दाजींची एक गंमत आहे. नातवाला ताप आला तेव्हा गावातल्या डॉक्टरनं दोन साध्या गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी पाजा म्हणून सांगितलं. दाजी तिथून तणतणत निघाले. “पैसे घेऊन पाणी पी म्हणतंय! पाणी तर घरी बी होतं.” दुसऱ्या दवाखान्यात सुई मिळाली, सलाईन लागलं, रक्त-लघवी झाली. दाजी समाधानानं घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, “लुटूलालेत बगा!” दोषींच्या यादीत सुई मागणाऱ्याचं नाव काही त्यांनी कधी घातलं नाही. आपणही घालत नाही म्हणा.

योजनेवर मात्र त्यांचा हक्क आहे. २०१२च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. दाजी हे अशा थाटात सांगतात की फीत त्यांनीच कापली असावी. पुढं ती महात्मा फुल्यांच्या नावानं झाली, मोफत उपचारांची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. उपचार मात्र ठरलेल्या यादीतलेच. “म्हणजे आजारानं आधी यादी वाचून यायचं,” दाजी म्हणतात. तरी दवाखान्याच्या दारात ते पहिल्यांदा डॉक्टरला विचारत नाहीत, योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारतात. तो जागेवर नसेल तर चहाच्या टपरीवरून शोधून आणतात.

पैसे कमी पडले की आडत्याकडं उचल मागायलाही दाजीच जातात, दुसऱ्याच्या सोयाबीनच्या भरवशावर स्वतःचा शब्द टाकून. पेशंट शेरीक, म्हणजे दाखल झाला, घरच्यांनी भाकरी खाल्ली, की बाहेरच्या पायरीवर टॉवेल अंथरून आडवे होतात. स्वतःचा गुडघा गेली कैक वर्षं अंगावर काढतायत. दाखवा म्हटलं तर म्हणतात, “मी गेलो तर माझ्यासंगं कोण येणार?”

तेव्हा तुमच्याकडं कुणी आजारी पडलं तर रेशन कार्ड आणि आधार आधी काढून ठेवा, शेरीक व्हायच्या आत आरोग्यमित्राला गाठा, बिल ओळीनिशी मागा. दाजींना फोन करायला हरकत नाही. फक्त दुपारी एक ते तीन करू नका. झोपमोड झाली तर दवाखाने तुमच्यामुळंच महाग झालेत असं ठरेल.