वसुलीवाल्याला प्रशिक्षण, कर्जदाराला काय?

बँकेसाठी वसुली करायला दारात येणाऱ्या माणसाला आपल्याकडे परीक्षा द्यावी लागते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचा अभ्यासक्रम आहे. पदवीधर असेल तर 50 तासांचं प्रशिक्षण, नसेल तर 100 तासांचं, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. हे योग्यच आहे. पण दार उघडणाऱ्याचं काय? त्याची नोकरी गेली आहे, पगार बंद आहे, हप्ते चालू आहेत. चार आकडे समोर मांडून कोणतं कर्ज आधी, कोणतं नंतर, बँकेकडे नेमकं काय मागायचं, हे सांगणारा शिकलेला माणूस त्याला कुठे भेटेल? कर्ज देताना हा पत्ता कुणी दिलेला नसतो. हप्ता थकल्याच्या एसएमएसमध्ये तो नसतो. नोटिशीत तर नसतोच.

कर्ज मंजूर करायला मोबाइलवर पाच मिनिटं पुरतात. तेच कर्ज फिटेनासं झालं की माणूस एकटा पडतो. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

चाकणच्या एका कारखान्यातल्या माझ्या ओळखीच्या गृहस्थाचं घ्या. लाइन बंद झाली, हिशेबाचे पैसे हातात आले, दोन महिने निघतील एवढे. हा शहाणा माणूस. हप्ता थकायच्या आधीच बँकेच्या शाखेत गेला, मुदत वाढवून द्या म्हणाला. उत्तर मिळालं, ‘‘तुमचं खातं अजून नियमित आहे. थकल्यावर या, मग बघू.’’ म्हणजे वेळेवर आलेल्याला परत पाठवायचं आणि थकला की वसुलीवाला पाठवायचा! त्याने मग घाबरून एका अॅपवरून कर्ज काढलं आणि गृहकर्जाचा हप्ता भरला. पुढच्या महिन्यात दुसरं अॅप. शेवटी बायकोने वही पुढ्यात टाकली. ‘‘अहो, आता कुणाकडून एक रुपया घ्यायचा नाही. आधी सगळं लिहून काढा. माझ्या भिशीचे धरून.’’

मुलीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर ती यादी झाली. गृहकर्ज, मोटरसायकल, कामगारांच्या पतसंस्थेचं कर्ज, दोन अॅप आणि क्रेडिट कार्ड. कार्डावर लाखभर रुपये, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. किमान रक्कम म्हणून तो पाच हजार भरत होता आणि आपण कार्ड सांभाळलंय असं समजत होता. हिशेब मांडला तेव्हा दिसलं की 3,500 व्याजात गेले, त्यावरच्या 18 टक्के जीएसटीत 630 गेले, मुद्दल घटलं 870 रुपयांनी. मुलीच्या शाळेची फी थांबवून तो हे पाच हजार भरत होता. समोर कुणी जाणकार बसला असता तर पहिल्या दिवशी म्हणाला असता, आधी घर, वीज, शाळा, दवाखाना. कार्डवाला फोनवर सगळ्यात मोठ्याने ओरडतो, म्हणून तो यादीत पहिला येत नाही.

असे जाणकार बसवण्याचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. बँक ऑफ इंडियाने मुंबईत ‘अभय’ नावाचं समुपदेशन केंद्र काढलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये आर्थिक साक्षरता आणि कर्ज समुपदेशन केंद्रांची योजना आणली. अटी चांगल्या होत्या. सल्ला फुकट, आणि केंद्राने बँकेपासून अंतर राखायचं, तिचा वसुली विभाग व्हायचं नाही. 2012 मध्ये योजनेची नवी रचना झाली, केंद्रं नुसती आर्थिक साक्षरता केंद्रं झाली आणि भर शिबिरांवर गेला. खातं कसं उघडावं, बचत का करावी, विमा का घ्यावा. हे शिकवायलाच हवं. पण ज्याचे तीन हप्ते थकलेत त्याला बचतीचं महत्त्व सांगून काय उपयोग? जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे या केंद्राचा पत्ता आजही मिळतो. जाऊन विचारा. तुमच्यासारखे दहा जण गेले की तिथल्या माणसालाही कळेल की लोकांना शिबिरापेक्षा वेगळं काहीतरी हवंय.

रिकामी जागा मात्र रिकामी राहिलेली नाही. ‘तुमचं कर्ज निम्म्यात मिटवून देतो’ अशा जाहिराती आता मोबाइलवर धो धो येतात. आधी फी भरा, हप्ते थांबवा, बँकेचे फोन घेऊ नका, बाकी आम्ही बघतो. सगळेच लुबाडतात असं मी म्हणणार नाही, पण काम व्हायच्या आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ‘हप्ते बंद करा, काही होत नाही’ हे तर अर्धसत्य आहे आणि त्याची किंमत तुम्ही मोजता, तो नाही. नुसतं कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, तेवढ्याने कुणी तुरुंगात जात नाही. पण दिलेला चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम 138 आहे, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अॅक्टचं कलम 25. दोन्हींत फौजदारी तक्रार होऊ शकते. शिवाय रक्कम कमी करून मिटवलेलं कर्ज पतअहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, आणि पुढचं कर्ज देणारा ते वाचतो. एवढं सांगून मग फी मागणारा कुणी भेटला तर मला कळवा.

खरी मदत फुकट आहे आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 खाली महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, औद्योगिक कामगारालाही मिळतो. कारखान्यातून घरी बसवलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे? हेल्पलाइनचा क्रमांक 15100. लोकअदालतीत बँकेची प्रकरणं दावा दाखल होण्याआधीही तडजोडीला घेता येतात. एक मात्र ध्यानात ठेवा, तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून दर महिन्याला किती झेपेल हा आकडा घरून ठरवून जा. टेबलापलीकडच्या साहेबाला बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणू नका.

शाखेत ‘थकल्यावर या’ म्हणाले तर तोंडी बोलणं तिथेच थांबवा. अर्ज लिहा. नोकरी गेल्याचं पत्र जोडा, खात्याचा उतारा जोडा, घरखर्चाचा आकडा लिहा, आणि मागणी स्पष्ट ठेवा: सहा महिने फक्त व्याज भरू द्या, किंवा मुदत वाढवून हप्ता अमुक इतका करा. पोच घ्या. बँक मान्य करेलच असं नाही. पण 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिलाही पैसे पडत नाहीत, आणि तेव्हा तुमच्या हातात तो पोचेचा शिक्का असेल. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन, नातेवाइकांना फोन, शेजाऱ्यांसमोर तमाशा, हे सगळं रिझर्व्ह बँकेने मना केलेलं आहे. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि तेही तक्रारीत घाला.

घरावर नोटीस आली तरी सगळं संपलेलं नसतं. 90 दिवस थकल्यावर खातं अनुत्पादक ठरतं, तारण ताब्यात घेण्याच्या सरफेसी कायद्याची नोटीस 60 दिवसांची असते, आणि त्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेने 15 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. पाकीट न उघडता कपाटावर टाकणारी घरं मी पाहिली आहेत. ती सगळी मुदत त्या पाकिटात सडते. पतसंस्थेचं पत्र आलं तर आणखी घाई करा. तिला दिवाणी कोर्टात जावं लागत नाही, सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो, आणि तो जामीनदारांवरही चालतो. चाकणच्या त्या गृहस्थाचे जामीनदार त्याच लाइनवरचे दोन मित्र होते. त्यांचीही नोकरी गेली होती. रात्रीची झोप त्याची त्या नावांनी उडवली होती, बँकेने नाही.

कर्जात बुडालेल्याला कुणी मध्यस्थ द्यावा ही कल्पना आपल्या मातीला नवी नाही. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, कर्जरोखे जाळले. इंग्रज सरकारने चौकशी नेमली आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात दावा लावण्याआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवणारे सलोखाकार होते. कोर्टाने कर्जरोख्याच्या मागचा खरा व्यवहार तपासायचा होता, आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैद नव्हती. त्यातून सगळं सुधारलं असं नाही. पण रोखे जाळल्यानंतर का होईना, राज्यकर्त्यांना ते सुचलं. आज त्याच पुणे जिल्ह्यातला कामगार कर्जात बुडाला तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग त्याला लागू होत नाही. तो आजवर अंमलात आणला गेला फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांसाठी. पगारदाराने जायचं 1920 च्या नादारी कायद्याकडे, मुंबईत राहत असेल तर 1909 च्या.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मे 2021 पासून नियम आहे. मान्यताप्राप्त कर्जसल्लागाराकडे गेलात आणि तुम्ही पात्र ठरलात, की 60 दिवस बहुतेक कर्जांवर व्याज-दंड थांबतो, वसुली थांबते. तेवढ्या दिवसांत बसून हिशेब करायचा. तिथे सल्लागाराकडे जाणं हीच सवलतीची किल्ली आहे, म्हणून लोक लाज सोडून जातात.

आपल्याला संहिता बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. हप्ता थकल्याचा पहिला एसएमएस बँक पाठवतेच. त्यात मोफत सल्ला केंद्राचा पत्ता आणि 15100 हा क्रमांक मराठीत छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं करावं, आणि त्या केंद्रात वसुलीवाल्याइतकंच प्रशिक्षण घेतलेला एक माणूस रोज बसवावा. पहिल्या कामाला एक परिपत्रक लागतं. दुसऱ्याला जिल्ह्यागणिक एक पगार.